भज्याचं गाणं

माझे सांगलीचे घरमालक कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मत द्यायचे नाहीत. नारळ, मडकं, कलिंगड ठीक आहे, ते आपणही वाजवून घेतो. पण हा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीला टिचकी मारायचा. नव्या चपलेला, कौलाला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या पान्याला, सगळ्याला टिचकी. मी खोली बघायला गेलो तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर बोटाचं पेर आपटलं आणि कान लावला.

"पेट्रोल न्हाई ह्यात," म्हणाले. "गाव कुठलं?"

"कोरेगाव."

"म्हंजे साताऱ्याकडचं. गाणं म्हणता का?"

"नाही."

"मग ऱ्हावा. गाणाऱ्याला खोली दिली की सकाळधरनं खाकरत बसतंय."

आणि गंमत बघा, हाच माणूस पुढं एका रॉक बँडचा असा काही भक्त झाला की विचारू नका.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. जन्मभर हळदीच्या बाजारात अडत्या म्हणून काढलेला. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा, मधे उभं राहायचं, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. सत्तरी उलटल्यावर धंदा सोडला, पण हळदीनं त्यांना सोडलं नाही. अंगावर पांढरा लेंगा आणि बंडी, खांद्यावर पिवळा टॉवेल. तो टॉवेलही मुळात पांढराच होता, असं काकू, म्हणजे त्यांची बायको, शपथेवर सांगायच्या. बंडीच्या खिशात कायम दोन-चार हळकुंडं. चांगली वाळलेली हळद मोडली की टण्ण वाजते. ओलसर असली तर आवाज न करता मऊ तुटते. अण्णांनी बाजारात आयुष्यभर तो टण्ण ऐकला आणि जगातल्या सगळ्या गोष्टींनी तसंच वाजावं अशी त्यांची अपेक्षा होऊन बसली.

घराच्या मागं त्यांचं हळदीचं गोडाऊन होतं, रिकामं. एक दिवस तीन पोरं आणि एक पोरगी आली आणि म्हणाली, बँडच्या प्रॅक्टिसला जागा पाहिजे. अण्णांना बँड म्हणजे एकच माहीत. लाल कोट, पितळी कर्णे आणि पुढं नाचणारा घोडा. म्हणाले, या की, लग्नसराईत गल्लीला बरंच. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. ड्रम उतरले, गिटारी उतरल्या, काळी खोकी उतरली. अण्णा टेम्पोत डोकं घालून आतपर्यंत बघत राहिले.

"आरं, कर्णं कुठायत? आन घोडा कोण आणणार हाय?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मी जिन्यात उभा होतो, मला हसू आवरेना.

ही मंडळी काय वाजवतात ते बघायला अण्णा पोत्याच्या थप्पीवर बसले. मीही गेलो. ड्रमवाल्यानं एक-दोन-तीन-चार केलं आणि सगळे एकदम सुटले. आता, त्या गोडाऊनात कैक वर्षं हळद साठलेली. आढ्यावर, तुळयांवर, पत्र्याच्या वळ्यांत पिवळा भुकटा बोटबोट बसलेला. पहिल्याच दणक्याला तो सगळाच्या सगळा खाली आला. काही दिसेना. ठसके, शिंका, गिटारीचा एक तुटका आवाज, आणि मग धुरळा बसला तेव्हा चौघं हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळीधमक उभी. गाणारी पोरगी माइक धरून डोळे मिचकावत होती. अण्णा थप्पीवरून घसरून खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता ठसका, ठसक्यात पुन्हा हसू. काकू पाणी घेऊन धावत आल्या तर त्यांनाही बोटानं नुसतं दाखवत होते.

मग डोळे पुसले, टॉवेल झटकला आणि म्हणाले, "परत वाजवा. ह्या टायमाला खालचं पण पडू दे."

त्या दिवसापासून ते गेले कामातून. भाडं घेतलं नाही ते नाहीच, वर रोज संध्याकाळी चौघांना चहा. पोरांनी बँडचं नाव 'पेव' ठेवलं. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात हळद साठवतात त्याला आमच्याकडं पेव म्हणतात, अण्णांच्या बापाची अशी पेवं होती. नाव ऐकून अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. म्हाताऱ्याला नातू झाला की काय म्हणून लोक अभिनंदन करायला आले, त्यांनाही ते सरळ गोडाऊनात नेऊन बसवायचे.

गाण्यांची पारख करायला त्यांच्याकडं चारच शब्द होते आणि चारही बाजारातले. गाणं जमलं की 'टण्ण'. नाही जमलं की 'ओलं हाय, वाळवा अजून'. लांबलं की 'कोंब फुटला'. आणि दुसऱ्याचं गाणं उचलून झकपक वाजवलं की 'पॉलिशचा माल'. हळकुंडं पिंपात घालून फिरवली की वरनं चकचकीत होतात, ते पॉलिश. ड्रमवाला बिचारा इंजिनियरिंगचा पोरगा, घरी फोनवर आईला सांगायचा की आज ओलं झालं आणि आईला वाटायचं पाऊस आला.

नेहमी बरोबर असायचे असं मात्र मुळीच समजू नका. साफ चुकायचे, आणि चुकले तरी आवाज तोच. बेस गिटार वाजवणारा पोरगा त्यांना कित्येक दिवस फुकट्या वाटत होता. "ह्यो वाजवतोय का नुसता धरून हुबा ऱ्हातोय?" त्याला एकदा तोंडावर म्हणाले, "बाळ, पगारी हायस का आपला वळखीचा?" मग एक दिवस काकू तक्रार घेऊन आल्या की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं आपोआप थरथरतायत. अण्णांनी मांडणीवर हात ठेवला, पळत गोडाऊनात गेले, परत पळत आले, परत हात ठेवला. "आगं, ह्यो तर जमिनीतनं वाजतोय!" त्या दिवसापासून बेसवाल्याला चहाबरोबर खारी.

आणि स्वतःचं ते हळदीवरचं गाणं! मीच लिवणार म्हणून हट्टाला पेटले. आठ कडवी. लागणीपासून शिजवण्यापर्यंत सगळी शेती त्यात. गणपतीत पोरांनी बिचाऱ्यांनी वाजवलं. मंडपात एकटे अण्णा टाळ्या वाजवत होते, त्यासुद्धा चौथ्या कडव्याला थांबल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच मला म्हणाले, "नुसता कोंब न्हाई, सर, झाड झालंय त्याचं." आणि विषय संपवला.

पेवचा कुठं कार्यक्रम झाला की पुढच्या रविवारी सकाळी गोडाऊनात बैठक बसायची. पोत्यांवर. त्या बैठकीला कुणी बोलावत नसे आणि कुणी चुकवतही नसे. कायमचे आम्ही चौघं. मी एक, ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवणारा, ड्रमचा वेडा. दुसरे कोपऱ्यावरचे मेडिकलवाले. त्यांनी तरुणपणी गिटार शिकायची ठरवली होती आणि ती राहून गेली होती, त्यामुळं त्यांना इंग्रजी गाण्यांशिवाय काही पटायचं नाही. तिसरा एसटीतला कंडक्टर, मूळचा फलटणचा. तो गाणं चांगलं की वाईट हे पब्लिक किती हललं यावर ठरवायचा. आणि चौथ्या खालच्या मजल्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी. त्या बराच वेळ काही बोलायच्या नाहीत आणि बोलल्या की समोरचा गप.

काय भांडायचो आम्ही! पहिलं गाणं चुकलं का, शेवटी तेच का घेतलं, दोन जोरकस गाणी पाठोपाठ कशाला ठेवली. मेडिकलवाले म्हणायचे, "मिरजेला सोलो कापला, पाप आहे हे." कंडक्टर म्हणायचा, "आवो तुमचा सोलो चालू झाला की माणसं मोबाइल बघत्यात. मी मोजलंय मागनं हुभा ऱ्हाऊन." मी म्हणायचो, ड्रमला वेळच देत नाहीत. एकदा मेडिकलवाले चिडून दुकानात निघून गेले आणि तिथून फोनवर भांडले. वहिनी म्हणाल्या, "दोघंबी खरं बोलताय. म्हणूनच गाणी निवडायला तुम्हाला सांगत न्हाईत." अण्णा मधे बसून एकेका बोलण्याला हळकुंड मोडून उत्तर द्यायचे. रविवारी दुपारी काकू झाडू घेऊन तुकडे गोळा करायच्या आणि आमटीत घालायच्या.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

गाणारी पोरगी आटपाडीकडची. बाप मेंढरं राखणारा, ती सांगलीत एमएस्सीला. आवाज असा की माइक नसला तरी चालावं. बाकीची गाणी पोरांनी केलेली, पण एक गाणं तिचं स्वतःचं होतं. सावकाश चालायचं. सुरुवातीला कुठलंच वाद्य नाही, नुसता तिचा आवाज. कुठल्या माळाला मेंढरं बसली, कुणाच्या रानात रात सरली, अशा ओळी. मग ती एक लांब हाळी द्यायची, माळावरून पलीकडच्या माणसाला देतात तशी, आणि गप्प व्हायची. सगळा बँड गप्प. चांगला बराच वेळ. मग पुढचं कडवं, परत हाळी, परत गप्प.

खरं सांगतो, आम्हाला कुणालाच ते गाणं पचत नव्हतं. त्या गप्प जागेत माणसाला काय करावं तेच कळायचं नाही. मिरजेला, तासगावला, सगळीकडं तेच. ती गप्प झाली की पब्लिकला वाटायचं गाणं संपलं, कुणीतरी अर्धी टाळी वाजवायचं आणि निम्मी माणसं उठून भज्याच्या गाड्याकडं चालायला लागायची. कंडक्टरनं त्याचं नावच पाडलं, भज्याचं गाणं.

एका रविवारी तो नेमका तेच बोलला. "साताऱ्याचा कार्यक्रम मोठा हाय, कॉलेजचं ग्राउंड हाय. तिथं ते भज्याचं गाणं काढा बाबा. गाडेवाले खूश होत्यात, बाकी कुणी न्हाई." आम्ही हसलो. मीही हसलो. आणि दारात ती उभी होती, हातात माइकची वायर.

तिनं वायर गुंडाळली, नीट, घाई न करता. म्हणाली, "साताऱ्याला ते गाणं नसलं तर मीबी नसणार. दुसऱ्याची गाणी म्हणायला दुसरी कुणीबी मिळंल तुमाला."

झालं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गिटारवाला म्हणाला, राहू दे. ड्रमवाला म्हणाला, पण लोक उठतात त्याचं काय. आणि आम्ही चौघांनी तर तोंडात साखर धरली. अगं छानच आहे, वेगळं आहे, ठेवा की, आमचं कुठं काय. तिनं आमच्या एकेकाकडं बघितलं. तिला कळत होतं की आम्ही तोंडदेखलं बोलतोय.

शेवटी पोरांनी हात टेकले. "अण्णा, तुम्ही आणि ही मंडळी ठरवा. तुम्ही म्हणाल ते आम्ही चौघं ऐकू." पोरीनंही मान हलवली. "पण खरं सांगा म्हणावं," म्हणाली. "गोड नको."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

पूर्वी हळदीचे सौदे टॉवेलखाली व्हायचे. अडत्या आणि व्यापारी हातात हात घालायचे, वर टॉवेल टाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळायचं नाही. अण्णांचा त्या पद्धतीवर फार जीव. म्हणायचे, "उघड्यावर माणूस दुसऱ्याचं तोंड बघून बोलतो, सर. टॉवेलखाली खरं बोलतो." आणि त्याबरोबर दुसरंही एक सांगायचे, छाती पुढं काढून. अडत्यानं हात बघायचे, स्वतः बोली लावायची नाही. "आख्ख्या जन्मात म्या एकदाबी माझं बोट मधी घातलं न्हाई." हे वाक्य मी जिन्यात, न्हाणीपाशी, चहावर, इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

त्यांनी पोरांना बाहेर पाठवलं. आम्हाला सांगितलं, "गाणं ठेवायचं तर एक बोट. काढायचं तर मूठ. आन एकमेकाकडं बघायचं न्हाई." मग एकेकाला जवळ बोलावलं. वहिनी गेल्या, मेडिकलवाले गेले, कंडक्टर गेला, मी गेलो. टॉवेलखाली अण्णांचा हात सुका, खरखरीत, गरम होता. त्यांचा चेहरा असा, की सोनं विकतायत की भुसा, काही पत्ता लागू नये.

झाल्यावर टॉवेल खांद्यावर टाकला, दार उघडलं आणि त्या आवाजात ओरडले ज्या आवाजात बाजारात भाव फोडायचे: "ठेवायचं! सौदा पटला!"

पोरगी मटकन उंबऱ्यावर बसली. "खरंच?" म्हणाली. "टॉवेलखालचं हाय ते," अण्णा म्हणाले. "तिथं कुणी गोड बोलत नसतंय." तेव्हा कुठं ती हसली. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

साताऱ्याला आम्ही क्रूझर करून गेलो. बँड पुढच्या गाडीत सामानाबरोबर, आम्ही मागं. अण्णांनी नवा लेंगा घातला होता, टॉवेल मात्र तोच. ग्राउंडवर पोचल्याबरोबर ते स्टेजकडं न जाता तडक पार मागं, खाण्याच्या गाड्यांकडं गेले. भज्याचा एकच गाडा होता. भजीवाला मोठ्या मिशांचा, डोक्याला लाल पटका. मी लांबून बघतोय, तर अण्णांनी त्याच्या हातात हात घातलेला आणि वर टॉवेल. भजीवाला आधी चमकला, मग मान हलवायला लागला, मग दोघंही हसले.

"काय ठरवलं अण्णा?" मी विचारलं.

"भजी चांगली हायत," म्हणाले.

दिवस मावळायला कार्यक्रम सुरू झाला. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला उजेड थोडा उरला होता. पहिली दोन गाणी पोरांनी अशी वाजवली की कंडक्टरनं टोपी हवेत उडवली आणि ती कुणीतरी घेऊन गेलं. मग सगळी वाद्यं थांबली आणि ती एकटी पुढं आली. आम्ही चौघांनी माना खाली घातल्या. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि नेहमीप्रमाणं मागची माणसं हलायला लागली. दहा, पंधरा, मग घोळक्यानं, भज्याकडं.

अण्णा गाड्याजवळच उभे होते. त्यांनी टॉवेल नुसता वर केला. भजीवाल्यानं कढई उचलली, खाली ठेवली आणि गॅस बंद केला.

आता बघा, इतकी माणसं भज्यासाठी गेलेली आणि भजीच नाहीत. "काय झालं मामा?" "गॅस संपला का?" भजीवाला हाताची घडी घालून म्हणाला, "गाणं झालं की मिळंल." परत यायचं तर लाज वाटते, पुढं जायचं तर काही नाही. सगळे तिथंच रांगेत उभे राहिले आणि करायला काहीच नव्हतं म्हणून ऐकायला लागले. तळणाचा चर्रचर्र आवाज बंद, बोलणं बंद. मी पळत मागं गेलो होतो, अण्णांना शोधायला. आणि तिथून, इतक्या लांबून, ते गाणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. आधी नुसतं कानावर पडलं होतं.

तिनं हाळी दिली. लांबच्या लांब, अख्ख्या ग्राउंडावरून आमच्या डोक्यावरून गेली. आणि ती गप्प झाली.

माझ्या शेजारी भजीवाल्याच्या मिशा हलल्या. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छातीतून अशी ओ दिली की पुढची पोरं दचकून वळली. तीच हाळी, खालच्या पट्टीत, उलट फिरवलेली.

हजारेक माना मागं फिरल्या. स्टेजवर ती तशीच उभी, तोंड उघडं. मग ती माइकमध्येच हसली, खळखळून, आणि तिनं परत हाळी दिली. भजीवाल्यानं परत ओ दिली. तिसऱ्यांदा तिनं हाळी दिली तेव्हा रांगेतली सगळी माणसं ओरडली, चौथ्यांदा अर्धं ग्राउंड. मेडिकलवाल्यांना मी हात तोंडाशी नेऊन ओरडताना बघितलं, ज्यांना इंग्रजीशिवाय पटत नव्हतं त्यांना. ड्रमवाला आत आला, मागून तो जमिनीतून वाजवणारा आला, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला तो अजून आठवला की उभा राहतो.

अण्णांनी खिशातून हळकुंड काढलं, भजीवाल्याच्या कानाशी नेलं आणि मोडलं. टण्ण. भजीवाल्याला काही अर्थबोध झाला नाही. त्यानं गॅस पेटवला.

नंतर पोरगी पळत गाड्यापाशी आली. भजीवाला निघाला दहिवडीकडचा, त्याचा बाप, चुलते, सगळे मेंढरांमागं फिरलेले. तिनं त्याच्या पाया पडायला वाकून विचारलं, "मामा, तुमाला कसं कळलं?" तो म्हणाला, "कळायचं काय त्यात? हाळी दिली की ओ द्यावी लागती. पोरगी एकटी हाय का काय वाटलं." तेव्हा तिनं आम्हाला सांगितलं. लहानपणी ती एका टेकाला असायची आणि बाप दुसऱ्या. संध्याकाळी ती हाळी द्यायची आणि त्याची ओ यायची, मग दोघं मेंढरं वळवायचे. गाण्यातली ती गप्प जागा म्हणजे त्या ओसाठी ठेवलेली जागा होती. इतके दिवस ती ठेवत होती आणि कुणी देत नव्हतं. आधी का नाही सांगितलंस, असं वहिनींनी विचारलं, तर म्हणाली, "मागून घेतलेली ओ काय कामाची?" वहिनींनी तिला जवळ घेतलं आणि रडल्या. मग सगळ्यांनी भजी खाल्ली. अण्णांनी दोन प्लेटी.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये भांडण नव्हतं, हीच मोठी बातमी. सगळे एकमेकांना सांगत होते, बघा, मी म्हणालो नव्हतो का, ठेवाच म्हणून. कराडला चहाला उतरलो तेव्हा मेडिकलवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, कुणाला बोलू नका. मी मूठ दिली होती हो. म्हटलं बाकीचे तिघं बोट देणारच, आपण एक खरं सांगावं." मी म्हटलं, असू दे. गाडीत बसताना कंडक्टर कानाशी लागला. "गड्या, माझी मूठ होती. तुमी सगळी ठेवा म्हणणार म्हाईत होतं, म्हणून." सांगलीत घरी आल्यावर जिन्यात वहिनी थांबल्या. मी त्यांना काही बोलूच दिलं नाही. "मूठ?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "आणि तुमची?" मी माझी मूठ वर करून दाखवली. दोघंही तोंडावर हात ठेवून हसत राहिलो. वर अण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

अण्णांना आम्ही कुणीच विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पेवनं पुढं फलटण केलं, कोल्हापूर केलं. आता त्या गाण्याला भज्याच्या गाड्यावर कुत्रं फिरकत नाही. पब्लिक ओ द्यायला आधीपासून हात तोंडाशी नेऊन तयार. पोरीला अजून वाटतं की ते गाणं त्या रविवारी बहुमतानं वाचलं, आणि ती ते मुलाखतीत सांगते. सांगू दे.

माझी बदली साताऱ्याला झाली तेव्हा खोली सोडताना मी अण्णांपाशी बसलो. सामान बांधून झालं होतं. काकूंनी डबा दिला होता, हळकुंडांची पुडी दिली होती. म्हटलं, आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"अण्णा, त्या गाण्याला बोटं किती पडली होती?"

"टॉवेलखालचं भायेर सांगत नसत्यात, सर."

"मग टॉवेलखालीच सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टॉवेल काढला, माझा हात धरला आणि वर टाकला. मी मुठीची वाट बघत होतो. त्यांनी माझ्या तळव्यावर एक बोट दाबलं.

"एक?" मी म्हटलं. "अण्णा, चौघांच्या चार मुठी होत्या. मला सगळ्यांनी सांगितलंय."

"व्हय की. चारी मुठी हुत्या."

"म्हणजे गाणं टण्ण आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कशाचं! ओलंच हुतं. मलाबी न्हवतं आवडलं." त्यांनी नाक ओढलं. "पर पोरगी गेली असती की वो."

बोट तसंच माझ्या तळव्यावर दाबलेलं होतं. जन्मात एकदाही मधे न घातलेलं.